लोड दोन, बाकी काही नाही

हॅलो?… हॅलो, संगमेश बॅटरी, उदगीर ना?… हां. मला एक विचारायचं होतं. आमचे गणिताचे सर दुसऱ्या तासालाच डिस्चार्ज होतात. त्यांना बसेल अशी एखादी बॅटरी आहे का तुमच्याकडं?

ए बबिते, गप गं! ऐकू जाईल ना त्यांना…

हॅलो? नाही हो आजी, कोण हसतंय? लाईनलाच खरखर आहे.

काय?… किती वर्षांचे म्हणजे? असतील पंचेचाळीस… फुगलेत का? म्हणजे पोट आहे थोडंसं… पाणी कधी बघितलं होतं? अहो, पाण्याची बाटली ते घरूनच आणतात…

टर्मिनलवर पांढरं साचलंय का?… अय्यो! साचलंय की! कानापाशी लई साचलंय!

राजकन्या, बबिता, ही आजी आपल्यालाच भारी पडायलीय. थांबा, थांबा.

बोला आजी… एक्स्चेंजमध्ये घेता? जुने सर द्यायचे आणि नवे न्यायचे? अहो, कधी आणून देऊ ते सांगा फक्त! टेम्पो करून आणतो!… आधी शेक देऊन बघू म्हणता? म्हणजे चार्जिंगला लावायचे? किती तास?… रात्रभर? बापरे, त्यांच्या घरचे काय म्हणतील…

काय?… कोण बिरादार?

नाही हो… राँग नंबर असेल… म्हणजे नंबर बरोबर आहे, पण… काय दिसायलंय तिथं तुमच्या फोनवर?… ‘व्यंकट बिरादार, लातूर, ट्रेलरवाले’…

मेले. मेले गं पोरींनो. बाबांच्या फोनवरून लावला मी. माझा पॅक संपलाय ना! आणि ही बबिता म्हणे, फ्रिजवर कार्ड चिकटवलंय त्यावरचा लाव. बाबांनी चिकटवलेलं कार्ड, बाबांचाच फोन! अक्कल गहाण ठेवली होती का आपण तिघींनी?

हॅलो… हो आजी, आहे. ठेवला नाही फोन… हो, मुलगी त्यांची. वैभवी. एकुलती एक… दहावीला… नाही हो, रोज असले फोन नाही करत, ह्या दोघींनी पैज लावली. ‘तू फक्त घरात बोलतेस, बाहेर तुझं तोंड शिवतं’ म्हणाल्या. मग मी म्हणलं दाखवतेच… सॉरी. खरंच सॉरी. बाबांना सांगू नका ना… 

काय?… आजी नको म्हणू? मग?… अव्वा? बरं, अव्वा. तुम्ही… तू? तू म्हणू? बरं बाई. अव्वा, तू बाबांना सांगू नको.

हो, आहेत की, अंगणात आहेत. ट्रेलर धुवायलेत सकाळपासून. आई आत बसून पडद्याला रिंगा लावायलीय… देऊ? नको, नको! हात ओले आहेत त्यांचे. माझ्याकडं निरोप दे, मी सांगते. एकदम शहाण्यासारखं सांगते.

एकच्या टेम्पोनं निघायलीय बॅटरी? आज? वा! … हो, त्याच्यासाठीच. ट्रेलर बघितला नाहीस ना तू? अगं, मंडपवाल्याची जुनी ट्रॉली होती ती. बाबांनी दोन उन्हाळे घालून तिचं घर केलंय. आत पलंग आहे, खिडक्या आहेत, शेगडी ठेवायला ओटा आहे, वरून पत्रा. आमच्या जुन्या जीपच्या मागं जोडायची आणि निघायचं… परवाच्या गुरुवारी. दिवाळीची सुट्टी ना. तीन रात्री राहायचं, माहूरच्या पलीकडं, उघड्या माळावर… नाही, लॉजवर नाही! तिथं खांब नाही, तार नाही, लाईट नाही. तेच तर पाहिजे आम्हाला! वर्गात कुणी असं राहिलं नाही अजून.

हां… हां… विचार की. कळतं मला. विज्ञानात सत्त्याऐंशी आहेत.

लोड? लोड दोन आहेत आमचे.

मोठे आहेत. एक गुलाबी, एक निळा… आईनं नव्या खोळी शिवल्यात… जड? नाही गं, जड कशानं होतील, कापूसच आहे आत. हदगावच्या मामानं दिलाय, घरच्या रानातला… आणि तक्के चार…

अव्वा?… अव्वा, काय झालं?… एवढं काय हसायलीस? खोकला येईल तुला. पाणी पी… 

मग कोणता लोड?… अच्छाऽऽ. बॅटरीवर काय काय चालवायचं, त्याला लोड म्हणायचं! मग तसं विचार की सरळ! माझं आपलं लोड म्हणलं की टेकायचा लोड… राजकन्या, दात काढू नको, तुला तरी माहीत होतं का?

एक मिनिट अव्वा. बाबांनी पण तुला लोड दोनच सांगितले होते का?… बघ! म्हणजे त्यांची पण माझ्यासारखीच गफलत झाली! इतिहास शिकवतात ते, त्यांना कुठलं कळायलंय तुझं लोड आणि वॅट. तेव्हा आई शेजारी खोळी मापत असेल, ह्यांनी सांगून टाकलं, दोन. म्हणून तू… कोणती बॅटरी दिलीस मग?… सव्वीसची? सव्वीस एम्पियर-तास म्हणजे मोठी का लहान?… एवढीशी? हातात धरून नेता येते अशी? बघ, घोटाळा झाला ना! बरं झालं मी फोन केला. बघा गं, माझ्या पैजेनं केवढं काम—

काय म्हणालीस?

नाही, ऐकू आलं. परत सांग.

दोन बल्ब आणि मोबाईल… असं म्हणाले? तोंडानं?… ‘दोन बल्ब, दोनतीन मोबाईल, बाकी काही नाही’… तू विचारलंस त्यांना? रात्रभर चालणारं काही आहे का, असं विचारलंस?… आणि ते काय म्हणाले?

… ‘रात्री झोपायचंच आहे, झोपायला काय लागतंय.’

अव्वा, एक मिनिट धर हं. ठेवू नको. धर.

राजकन्या, बबिता, तुम्ही जा आता… नाही, पैज जिंकले मी, भेळ उद्या चारा… अगं खरंच जा. घरातलं आहे काहीतरी. मागच्या दारानं जा, आईनं विचारलं तर म्हणा वैभवी अभ्यास करायलीय… हसू नको, जा!… हां, दार ओढून घे.

हॅलो अव्वा… आहे. गेल्या त्या. ऐक, आता मी खरं बोलते. पण तू कुणाला सांगायचं नाही. दुकानावर नाव आहे त्या तुझ्या संगमेशला पण नाही.

बाबांना झोपायला मशीन लागते.

हां, तीच. नाकाला मास्क, त्याला नळी, नळी मशीनला… मागच्या हिवाळ्यापासून. औशाच्या रस्त्यावर गाडी चालवता चालवता डोळा लागला त्यांचा. दिवसाढवळ्या, साडेचारला! गाडी थेट सोयाबीनच्या वावरात. नशीब, वावरात. मग आई दवाखान्यात घेऊन गेली, अंगभर वायरी लावून रात्रभर झोपवलं, तेव्हा कळलं, झोपेत श्वासच बंद पडतोय… मधी मधी. परत सुरू होतो, परत बंद. डॉक्टर म्हणाले, एक रात्र सुद्धा चुकवायची नाही.

तेच तर! आई ट्रेलरला तयारच नव्हती. तिची एकच अट, मशीन तिन्ही रात्री चालली पाहिजे, नाहीतर कुणी कुठं जायचं नाही. आणि बाबा तिला म्हणाले, ‘उदगीरला बोललोय, त्या बॅटरीवर सगळं चालतंय.’ सगळं! आणि तुला सांगितलं दोन बल्ब!

… नाही, विसरले नाहीत. ते काही विसरत नाहीत, पानिपतात कोण कुठं उभं होतं ते पण पाठ आहे त्यांना… मला माहितीय का ते. लाजतात गं. उन्हाळ्यात शिक्षकांचं शिबिर होतं नांदेडला, चार जण एका खोलीत. तिथं उमाशंकर सरांनी बघितलं मास्क लावलेलं. झालं! सगळ्या शाळेत ‘पायलट’. ‘या पायलट’, ‘विमान कधी उतरलं पायलट’. बाबा पण हसतात वरून. पण तेव्हापासून घरी कुणी आलं की मशीन कपाटात, वर शाल. शेजारच्या काकूंनी एकदा बघितली तर म्हणाले, सर्दीची वाफ घ्यायची आहे!… आणि ह्या वेळी उमाशंकर सर पण यायलेत. त्यांचा तंबू आमच्या बाजूलाच.

हो… तेच. गणिताचे. डिस्चार्जवाले… अव्वा, तू पण ना! आत्ता हसायची वेळ आहे का?

काय?… दुसऱ्या तासाला झोप लागते म्हणजे त्यांना पण तपासायला सांगू? … अगं अव्वा! खरंच की! खुर्चीत बसल्या बसल्या घोरतात ते! मान मागं टाकून! आम्ही खडू उडवून बघितलाय… थांब, हे मी जपून ठेवते. हे लई कामाचं आहे.

बरं. मग सव्वीसची चालेल का मशीनला? … खालचं लिहिलेलं वाचू? थांब, कपाट उघडते… शालीखालीच आहे बघ… दोन शाली आहेत आज… चोवीस व्होल्ट. दोन पॉइंट सात एम्पियर… हां, हां, चोवीस… वही घेते. हां सांग.

ते जास्तीत जास्त झालं… मशीनमधलं पाणी गरम करायचं बंद ठेवलं की निम्म्यावर येतं… हो, चालतं, डॉक्टरच म्हणाले होते, प्रवासात पाणी घातलं नाही तरी चालतं. म्हणजे तीस वॅट धरू? तीस गुणिले… दहाला झोपतात, सहाला उठतात, आठ तास. दोनशे चाळीस. बॅटरी बारा व्होल्टची, म्हणून भागिले बारा… वीस! एका रात्रीला वीस.

मग सव्वीसमध्ये एक रात्र तरी निघते… नाही? का नाही?… ही बॅटरी अर्धीच वापरायची? मग अर्धी ठेवायची कशाला, लोणचं घालायला?… अच्छा, पूर्ण रिकामी केली की लवकर मरते. म्हणजे सव्वीसमधले तेरा आपले. तेरा म्हणजे… पाच तास. दहाला लावली तर तीनला बंद. पहाटे तीनला.

… हो, ऐकायले. तीनभोवती गोल काढला वहीत.

अव्वा, बसवंत काकांच्या ट्रकची जुनी बॅटरी आहे. ती फुकट आहे. ती टाकू? एवढा मोठा ट्रक ओढते ती… ओढत नाही? इंजिनाला फक्त एक दणका देते? आणि मग?… मग दिवसभर इंजिन चालतंय, ही नुसती बसून खातीय! म्हणजे वरातीत पहिला फटाका लावणारा असतो ना, तसं. त्याला म्हणलं रात्रभर दिवटी धर, तर नाही धरणार… हो, कळलं, कळलं. रात्रभर हळूहळू देणारी पाहिजे. दणकेबाज नको.

तसं तर आमच्या घरी इन्व्हर्टरला आहे एक. उंच, निळी. तसली घेतली तर?… दीडशेची. हो, तीच, ट्युब्युलर… तिन्ही रात्री पुरेल ना? मग! झालं काम… वजन? वजन कशाला… अय्यो. साठ किलो? माझ्यापेक्षा जास्त?! मग आमची जीप माहूरचा घाट कशी चढेल! गेल्या वेळी नुसत्या आईच्या डब्यांनी बसली होती मधी… आणि कुठं ठेवणार म्हणजे? बाबांनी केलीय ना जागा, पलंगाखाली पेटी केलीय, झाकण लावून…

का? पलंगाखाली का नाही?… चार्ज होताना वायू निघतो, नंतर पण थोडा थोडा? घरी नाही येत आम्हाला वास… हां, घरी जिन्याखाली असती, उघड्यावर. आणि इथं बंद खोली, वर पलंग, पलंगावर बाबा, नाकाला नळी… नको. नको नको. पुढं बोलू नको. फुली मारली.

मग काय राहिलं?… लिथियम? मोबाईलमध्ये असती ती?… तसली नाही, दुसरी जात… फॉस्फेटवाली. ती तापत नाही तशी, वायू पण सोडत नाही, पलंगाखाली चालती… बारा-तेरा किलो? फक्त? शंभरची? आणि अर्धी सोडायची भानगड?… नाही! जवळपास सगळी वापरता येती! अव्वा, मग आधी हीच का नाही सांगितलीस, अर्धा तास मला सगळ्या बॅटरींच्या घरी हळदी-कुंकवाला फिरवून आणलंस!

… बरं, बरं. आधी लोड, मग बॅटरी. हो गं माय, सांगते. लिही.

मशीन, वीस एका रात्रीला. दोन बल्ब… चार. मोबाईल तीन… चार. अठ्ठावीस. गुणिले तीन, चौऱ्याऐंशी. बसतंय! शंभरमध्ये बसतंय, वर सोळा उरायलेत!

अजून?… अजून काही नाही… 

म्हणजे आईचा पंखा आहे. आईला पंख्याशिवाय झोप येत नाही. अगं वारं नको असतं तिला, आवाज पाहिजे! थंडीत गोधडी घेऊन पंखा लावती… रात्रीला बारा? छत्तीस होतात ना मग. नाही बसत. थांब… अव्वा, पंख्याचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करते आणि उशाशी लावते! चालेल? … चालेलच, तिला काय दिसायलंय अंधारात! 

आणि चहाची इलेक्ट्रिक किटली, तिची… ती नको? दीड हजार वॅट! बरं, गॅसवर चहा. गॅस नेणारच आहोत.

… अव्वा, आणि एक आहे. छोटंसं. माझा हेअर ड्रायर.

हसू नको! फोटो काढायचेत माळावर! धुतलेले केस तसेच ठेवून जाऊ का मी, पावसात भिजलेल्या शेळीसारखी? रोज दहाच मिनिटं लागतात… हजार वॅट. हो, हजारच लिहिलंय. दहा मिनिटं फक्त… किती? चौदा? दहा मिनिटांत चौदा?

म्हणजे… वीसमध्ये आठ तास. चौदामध्ये… साडेपाच.

माझे केस वाळवायला बाबांचे साडेपाच तास.

… खोडला. खोडला मी अव्वा, पेनानं, दोन वेळा. वाळतील उन्हात. आई तर म्हणतीच, माळावर ऊन फुकट आहे.

आणि इन्व्हर्टर लागंल ना मशीनला?… नको? तो स्वतःच खातो? खादाड आहेत सगळे… सरळ बॅटरीला लावायची वायर मिळती, त्याच कंपनीची, बारा व्होल्टाचे चोवीस करून देती. आहे तुझ्याकडं?… आहे! दुकानात कशी काय? अशी मशीन किती जण घेतात उदगीरला?

… आणि तुला एवढं पाठ कसं गं? तीस वॅट, पाणी बंद, वीस एम्पियर… डॉक्टर पण एवढं फटाफट नाही सांगत. 

काय!

खोटं.

तू पण लावतीस? खरंच? … सहा वर्षं! आणि लाईट गेली की दुकानातली बॅटरी ओढून घेतीस उशाशी! … अगं अव्वा! आणि दुकानात लोकांना माहीत आहे?… कुंकू लावून, अंबाडा घालून, मास्क लावून माळवदावर झोपतीस, उन्हाळ्यात, सगळ्या गल्लीसमोर?! … आणि नातू काय म्हणतो?… ‘हत्तीण’! आणि तू?… तू सोंड हलवून दाखवतीस!

थांब, मला हसून पोटात दुखायलंय… थांब…

अव्वा, तू बाबांना सांगशील हे? तू सांगितलंस तर… का नाही?

… हो. ते बरोबर आहे. तू सांगितलंस तर दुकानदार सांगायलाय असं होईल. मी सांगितलं तर…

मग तू असं कर, ती सव्वीसची उतरव आणि शंभरची चढव. वायर पण, आणि तिचा चार्जर वेगळा असतो म्हणालीस तो पण… का? अगं ऐक ना! मी सगळं मोजून सांगितलं की! तूच म्हणालीस गणित बरोबर आहे!… हो, ऑर्डर त्यांची आहे. हो, लहान आहे मी. पण सत्त्याऐंशी… बरं. बरं, आई-बापाच्या कानावर घालते. टेम्पो एकलाच निघतो ना?… आणि आता किती झाले?… वीस मिनिटं. ड्रायव्हरला चहा पाज तोवर! भजे पण पाज! म्हणजे खाऊ घाल! तू फोन ठेवू नको, मी बाहेर जायले. अशीच धर.

विचारू?… नाही अव्वा. विचारलं की बाबा इतिहास काढतात आणि आई रडती. सांगतेच आता.

दार… हां. चप्पल कुठं गेली माझी… जाऊ दे.

बाबा! पाईप बंद करा… अहो बंद करा ना, ऐकू येत नाही. आई, तू पण ये बाहेर. ठेव ती रिंग. ये म्हणलं ना!

बाबा, उदगीरच्या बॅटरीवाल्या अव्वा आहेत फोनवर… नाही, त्यांनी नाही केला, मी केला. का केला ते नंतर रागवा, आता वेळ नाही.

त्या सव्वीसच्या बॅटरीवर मशीन चालत नाही. आणि तुम्हाला ते माहीत होतं.

आई, थांब. तू नको बोलू आत्ता, त्यांच्याकडं असं बघू पण नको. हो, दुकानात मशीन सांगितलीच नाही त्यांनी. दोन बल्ब सांगितले… आई, मला बोलू दे!

बाबा, इकडं बघा. ट्रेलर पुसू नका, चकचकीत झालाय तो. पायलट म्हणतात म्हणून ना?… तीन रात्रीनं काय होतंय? तीन रात्रीनं काय होतंय ते मी सांगू?

तुम्हाला वाटतं मला तुमच्या घोरण्याचा त्रास व्हायचा. नाही हो. घोरणं चालू असलं की मी झोपायचे मस्त. ते मधीच थांबायचं ना, तेव्हा जाग यायची मला. भिंतीपलीकडून काहीच आवाज नाही. मग मी मोजायचे. एक, दोन, तीन. आई झोपलेली असायची, उठवू का नको, उठवू का नको, आणि मोजायलेय मी. एकदा एकोणतीसपर्यंत गेले होते… नाही सांगितलं. कुणाला सांगणार? सकाळी तुम्ही डबा घेऊन शाळेत जायचात, मी पण जायचे.

मशीन आली त्या दिवसापासून एकदाही मोजलं नाही मी. 

आता माहूरच्या माळावर जाऊन परत मोजत बसायचं नाही मला.

… हां अव्वा, आहे. आहे गं. नाही, रडत नाहीये कोणी. आई रडायलीय, पण ती पडदे शिवताना पण रडती. थांब दोन मिनिटं.

तर ऐका दोघंही. हे विचारणं नाही, सांगणं आहे. शंभरची लिथियम यायलीय, ती पलंगाखाली बसणार. किटली घरी, पंखा घरी, ड्रायर घरी. गुरुवारी ट्रेलरमध्ये पहिली मशीन चढणार, मग आपण तिघं. आणि शाल नाही घालायची तिच्यावर. उशाशी ठेवायची, उघडी. उमाशंकर सर हसले तर हसू द्या, त्यांच्यासाठी माझ्याकडं उदगीरचा सल्ला आहे, तो मी त्यांना सगळ्यांसमोर देते. आणि हे जमत नसेल, तर जीपची चावी आत्ता माझ्याकडं द्या, ट्रेलर इथंच उभा राहू द्या, आणि दिवाळी ह्याच अंगणात करा.

… काय बाबा?… असं मिशीत नको. मोठ्यानं म्हणा. फोनमध्ये म्हणा, हे घ्या.

ऐकलंस का अव्वा?… शंभरचीच म्हणाले ना? स्वतःच्या तोंडानं?… मग चढव टेम्पोत. ठेवते.